दोन अटॅकिंग मिडफिल्डरमधून कोण घ्यायचा? तुलना करताना या चुका टाळा

फुटबॉलची ट्रान्सफर विंडो (क्लबांनी प्लेअर घ्यायचा-विकायचा काळ) उघडली की ग्रुपवर एकच वाद, हा घ्यायचा की तो, आणि दोघंही दहा नंबरवाले, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळून गोलच्या संधी तयार करणारे, असले की मग तर विचारूच नका. आम्ही इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या चाहत्यांनी २०२१ चा उन्हाळा यातच घालवला. एकीकडे लेस्टरचा जेम्स मॅडिसन, दुसरीकडे रियाल माद्रिदचा मार्टिन ओडेगार्ड, जो जानेवारीपासून लोनवर (तात्पुरता उसना) आमच्याकडेच खेळून गेला होता. शेवटी आर्सेनलनं ओडेगार्डलाच घेतलं. मी मॅडिसनच्या बाजूनं होतो आणि ज्या कारणांसाठी होतो ती कारणंच चुकीची होती, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गोल आणि असिस्टची (गोलआधीच्या शेवटच्या पासची) बेरीज करायची आणि विषय संपवायचा. २०२०-२१ ला प्रीमियर लीगमध्ये मॅडिसनचे ८ गोल, ओडेगार्डचा १४ मॅचमध्ये फक्त १. पण तो अर्धाच सीझन, नवीन देश, आणि टीम शेवटी आठव्या नंबरवर आलेली, एवढ्यावरून प्लेअर कसा ठरवणार? बरं, पुढच्या सीझनलाही मॅडिसन १२ आणि ओडेगार्ड ७, म्हणजे बेरीजवाले परत म्हणणार की आर्सेनल चुकलं. मग आला २०२२-२३ चा सीझन. ओडेगार्ड कॅप्टन झाला, लीगमध्ये १५ गोल मारले, टीम ८४ पॉइंट घेऊन दुसरी आली. मॅडिसननं १० मारले तरी लेस्टर रेलिगेट झालं, म्हणजे खालच्या लीगमध्ये गेलं.

बेरीज करताना पेनल्टी बाजूला काढा, हे तर विसरूच नका. मँचेस्टर युनायटेडच्या ब्रुनो फर्नांडिसचे २०२०-२१ चे लीगमधले १८ गोल बघून डोळे दिपतात, त्यातल्या ९ पेनल्टी होत्या. ब्रुनो भारीच आहे, पण तुमच्या टीममध्ये पेनल्टी घेणारा आधीच ठरलेला असेल तर तो आकडा तसाच्या तसा तुमच्याकडे येणार नाही.

आता खरा मुद्दा, ज्याच्यावर कोणी बोलतच नाही. दोघांनाही आपण अटॅकिंग मिडफिल्डर म्हणतो, पण ते मैदानावर उभे कुठे राहतात? ओडेगार्ड डावखुरा, उजव्या बाजूला आतल्या पट्ट्यात बॉल घेतो, बाहेर विंगर साका असतो, २०२२-२३ ला मागून राइट बॅक बेन व्हाइट वर यायचा, आणि तिघांचं मिळून एक त्रिकूट व्हायचं. मॅडिसन उजव्या पायाचा, त्याला डावीकडून आत यायला आवडतं, बॉक्सच्या बाहेरून शॉट, फ्री किक, कॉर्नर ही त्याची ताकद. म्हणजे साकासोबत उजवीकडे कोण जुळेल हाच प्रश्न असेल तर दोघांची तुलना फार लांबवायची गरजच नव्हती. आणि बॉल नसताना काय? आर्सेनलचा कोच आर्टेटा याच्या टीममध्ये ओडेगार्ड स्ट्रायकरच्या शेजारी जाऊन प्रेस (समोरच्यांवर धावून बॉल हिसकवायचा दबाव) सुरू करतो, हात करून बाकीच्यांना पुढे बोलावतो, हे तीन मिनिटांच्या हायलाइट्समध्ये दिसणारच नाही. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर मॅच बघणाऱ्याला बॉलपासून लांब कोण पळतोय ते बरोबर दिसतं, मोबाइलवर क्लिप बघताना मात्र आपण तेच सोडून देतो. निदान दोन-तीन पूर्ण मॅच बघा, त्यातली एक तरी हरलेली असू द्या.

किमतीत पण गल्लत होते. महाग म्हणजे चांगला असं नाही, किंमत बरीचशी कॉन्ट्रॅक्ट आणि विकणाऱ्याच्या गरजेवर ठरते. ओडेगार्ड साधारण ३ कोटी पौंडात मिळाला कारण क्रोस-मोद्रिचसारखे मिडफिल्डर असलेल्या माद्रिदमध्ये त्याला जागाच नव्हती. मॅडिसनचं कॉन्ट्रॅक्ट २०२४ पर्यंत होतं, त्यामुळे २०२१ ला लेस्टरला घाई नव्हती. तोच मॅडिसन २०२३ ला, एक वर्ष उरलेलं आणि क्लब रेलिगेट झालेला असताना, ४ कोटी पौंडात स्पर्सकडे (टॉटनहॅमकडे) गेला.

दुखापतीचं पण बघा, नुसत्या किती मॅच चुकल्या ते नाही, तो नसताना टीमचं काय होतं ते. स्पर्सनं २०२३-२४ च्या पहिल्या १० मॅचमध्ये २६ पॉइंट काढले, मग चेल्सीविरुद्ध मॅडिसनचा घोटा गेला (त्याच मॅचमध्ये डिफेंडर व्हॅन द व्हेन पण जखमी झाला, दुसरा डिफेंडर रोमेरो याला रेड कार्ड मिळालं, सगळं एकट्यावर नको टाकायला) आणि ती धरून सलग पाच मॅच जिंकता आल्या नाहीत. ओडेगार्ड सप्टेंबर २०२४ मध्ये नॉर्वेकडून खेळताना घोटा दुखावून बसला तेव्हा आमच्याकडे पण क्रिएटिव्हिटी आटली होती. म्हणून दोघांतला कोण हे ठरवताना तो बाहेर बसला तर बेंचवरून कोण येणार, हे त्याच चर्चेत विचारा.