मोठेपणीचा एडीएचडी: कोचकडून नेमकं काय करून घ्यायचं

माझ्याकडे पहिला फोन बहुतेक वेळा बायकोचा येतो, नाहीतर आईचा. "हुशार आहे हो, पण एक काम धड पूर्ण करत नाही." मी ऐकून घेते आणि सांगते, ज्याला यायचंय त्यालाच फोन करू दे. दुसऱ्यानं वेळ ठरवली, दुसऱ्यानं पैसे भरले, की कोच म्हणजे घरात टोकणारं आणखी एक माणूस होऊन बसतं. अशी माणसं घरात आधीच पुरेशी असतात.

पुण्यात मी एडीएचडी असलेल्या, म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं जन्मजात अवघड जाणाऱ्या, मोठ्या माणसांसोबत कोच म्हणून काम करते. त्याआधी बरीच वर्षं एका कंपनीत पगाराचे हिशेब बघायचे. त्यामुळे कागद, तारखा आणि दंड हे माझे आवडते विषय आहेत.

आधी डॉक्टर, मग कोच. निदान करणं कोचचं काम नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ प्रमाणे (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ती अमेरिकी नियमावली) सतरा वर्षांपुढच्या व्यक्तीत लक्ष न लागण्याची किंवा चंचलपणाची किमान ५ लक्षणं लागतात. त्यातली काही वयाच्या १२ वर्षांआधीपासून असावी लागतात आणि ती घर, ऑफिस अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून न्या. "वर्गात लक्ष नसते, वह्या अपूर्ण" असे शेरे तिथे फार कामाला येतात. जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाचणी नेटवर मिळते, पण तिच्यावरून डॉक्टरकडे जावं की नाही एवढंच ठरवा. थायरॉइड, अपुरी झोप, नैराश्य यांतही माणूस असाच वेंधळ्यासारखा वागतो. औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. "गोळ्या सोडा, मी बघतो" म्हणणाऱ्या कोचकडून त्याच दिवशी उठून या. जगणंच नकोसं वाटत असेल तर कोचची वाट बघू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

आता कोच काय करतो ते. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत की एडीएचडीत काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं, अडतं ते ठाऊक असलेलं ऐन वेळी करण्यात. त्यामुळे उपदेशाचा उपयोग शून्य. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात जानेवारीपुरत्या भरलेल्या डायऱ्या असतात. मदत पोचायला हवी ती काम जिथे आणि जेव्हा अडतं तिथे.

एक उदाहरण सांगते, तपशील बदलून. भोसरीकडे फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप असलेले एक गृहस्थ. काम उत्तम, गिऱ्हाईक खूश, पण जीएसटीचं रिटर्न दर महिन्याला उशिरा. महिन्याला भरणाऱ्यांना ३बी या मुख्य रिटर्नसाठी २० तारीख असते. नंतर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. सीए वैतागलेला. सेशनमध्ये मी विचारलं, "बिलं कुठे आहेत?"

"गाडीत."

"गाडीत कुठे?"

"थोडी डिकीत. काही शर्टाच्या खिशात, ती धुतली गेली असतील. उरलेली व्हॉट्सॲपवर."

"आत्ता फोन चालू ठेवून खाली गाडीपाशी जाता का?"

गेले. मी कानाला फोन लावून बसले, ते एकेक बिल काढून मिठाईच्या रिकाम्या खोक्यात टाकत गेले. त्या दिवशीचं सेशन तेवढंच. "रिटर्न भरणं" हे काम त्यांच्या डोक्यात डोंगराएवढं होतं, प्रत्यक्षात अडलं होतं ते डिकीपाशी. पुढच्या वेळी आम्ही एकच नियम बांधला: माल पोचवून गाडीवर बसलो, की किल्ली लावायच्या आधी बिलाचा फोटो सीएच्या ऑफिसला. किल्ली अशासाठी, की तिच्याशिवाय गाडी हलत नाही, म्हणजे ती पायरी विसरता येत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेली 'अमुक झालं की तमुक करायचं' ही पद्धत ती हीच. "रोज बिलं पाठवीन" या निश्चयापेक्षा ती जास्त टिकते.

पावसाळ्यात नियम मोडला. इथे कोच आणि घरचे यांत फरक पडतो. "का नाही केलं?" असं न विचारता मी विचारलं, "त्या वेळी हातात काय होतं?" रेनकोट, भिजलेलं बिल आणि खिशात खोल गेलेला फोन. मग नियमच हलवला: माल निघायच्या आधी वर्कशॉपमधला पोरगा फोटो काढतो. गृहस्थांना जास्त मेहनत घ्यायला सांगून काही झालं नसतं. ती ते आधीच करत होते.

वेळेचंही असंच. "पाच मिनिटांत निघतो" म्हणणाऱ्याला मी ती पाच मिनिटं घड्याळ लावून मोजायला सांगते: हेल्मेट शोधणं, पाण्याची बाटली, लिफ्ट, पार्किंगमधून गाडी काढणं. आकडा बघून माणूस स्वतःच गप्प होतो. आणि हो, भिंतीवर काट्यांचं घड्याळ लावा. फोनमध्ये वेळ बघायला गेलेला माणूस रील बघून परत येतो, आणि किती वाजले ते त्याला तरीही माहीत नसतं.

एक गोष्ट फुकट करून बघा, कोचला पैसे द्यायच्या आधीच. मित्राशी व्हिडिओ कॉल लावा, आवाज बंद, दोघं आपापलं काम करा. समोर कुणीतरी बसलेलं असलं की टाळलेलं काम सुरू होतं. याला बॉडी डबलिंग म्हणतात. दुबईतल्या एका ताईंचं एवढ्यावरच भागलं, त्या माझ्याकडे परत आल्या नाहीत. बरंच झालं.

कोच निवडताना डोळे उघडे ठेवा. आपल्याकडे कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही, उद्या कुणीही कार्ड छापू शकतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था कोचना प्रमाणपत्रं देते, त्यांतली एसीसी ही पहिली पायरी: किमान ६० तासांचं प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव. पुढच्या पीसीसीला ५०० तासांचा अनुभव लागतो. पण हे झालं सर्वसाधारण कोचिंग. एडीएचडीचं वेगळं शिक्षण कुठे घेतलं ते विचारा. आणि माझा आवडता प्रश्न: "मी दोन आठवडे गायबच झालो तर तुम्ही काय कराल?" कारण गायब तुम्ही होणारच. याचं उत्तर तयार नसेल तर त्या माणसाला हे काम माहीत नाही. वर्षभराचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. नव्या गोष्टीचा उत्साह आपला दांडगा असतो आणि विकणाऱ्याला ते चांगलं कळतं. महिन्याचे पैसे महिन्याला. आणखी एक, कोचिंगवरचे अभ्यास अजून छोटे आहेत, बरेचसे कॉलेजच्या मुलांवरचे. निष्कर्ष आशादायक असले तरी औषधांइतका भक्कम पुरावा यामागे नाही. हे न सांगणारा कोच मला आवडत नाही.

पहिल्या सेशनला आख्खं आयुष्य घेऊन येऊ नका. गेल्या आठवड्यात जे एक काम नडलं तेवढंच आणा, आणि शक्य असेल तर ते जिथे अडतं तिथेच बसून बोला: स्वयंपाकघर, ऑफिसचं टेबल, कागदांचा ढीग. आठवण फोननं करू की व्हॉइस नोटनं, तेही आधीच ठरवा. घरच्यांना रिपोर्ट द्यायचा नाही, हेही.

सुरुवातीला आठवड्याला एकदा भेटा. नियम तुमचे तुम्हीच बांधायला लागलात की पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर स्पष्ट बोला. कोच बदला, आणि झोप, मूड, गोळीचा डोस हे घेऊन एकदा डॉक्टरांकडे जाऊन या.