आधी खातं, मग पाटी: जर्सीत गांजाचं दुकान काढताना बँकेसाठीची तयारी

परवाना मंजूर झाल्याची मेल आली की लोक आधी दुकानाची पाटी करायला टाकतात. मग रंग, मग काउंटर, आणि बँकेचं काय ते नंतर बघू म्हणतात. न्यू जर्सीत किराणा किंवा डोशाचं दुकान काढायचं असेल तर हे चालून जातं. दुपारी कोपऱ्यावरच्या शाखेत गेलं की तासाभरात खातं उघडून घरी येता येतं. गांजाच्या दुकानाचं तसं नाही. इथे खात्यासाठी आठवडे नव्हे, महिने धरून चालायचं. मी काही वर्षं अशा दुकानांचे जमाखर्च लिहितोय. आपल्यातले चार-पाच जण दर वर्षी फोन करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

पहिला कागद बँकेचा नाही, तुमचाच आहे: पासपोर्ट. जर्सीत एप्रिल २०२२ पासून प्रौढांना दुकानातून उघड विक्री होते, पण हा कायदा राज्याचा आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व ही दारं केंद्र सरकारच्या हातात आहेत. १९ एप्रिल २०१९ ला इमिग्रेशन खात्याने स्पष्टच सांगितलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गांजाच्या धंद्यातलं काम, नोकरीसुद्धा, नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतं. एच-वन-बीवाल्याने किंवा ग्रीन कार्डवाल्याने यात ‘नुसता पैसा घालतो, नाव नको’ असं म्हणू नये. झळ बायकोमुलांच्या अर्जालाही लागू शकते. इमिग्रेशनच्या वकिलाकडे एक तास बसा आणि त्याने लेखी दिलेलं मत फाईलच्या तळाशी ठेवा. ते बँकेला दाखवायचं नाही, तुमची झोप लागावी म्हणून ठेवायचं.

आता कुठल्या दारात जायचं ते. देशभर शाखा असलेल्या मोठ्या बँकांच्या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, त्या बहुतेक लांबच राहतात. राज्याची सनद असलेल्या लहान बँका आणि क्रेडिट युनियन (आपल्या पतसंस्थेसारख्या, सभासदांच्या) हे काम करतात. न्यूयॉर्कच्या वित्तसेवा खात्याने तर जुलै २०१८ मध्येच आपल्या अखत्यारीतल्या बँकांना परिपत्रक काढून सांगितलं की वैद्यकीय गांजाच्या परवानाधारकांना सेवा द्या, नियम पाळलेत तर आम्ही तुमच्या मागे लागणार नाही. पण ‘राज्याची बँक आहे, आता केंद्राचा काय संबंध’ अशी समजूत करून घेऊ नका. कोलोरॅडोत नेमकी याच कामासाठी फोर्थ कॉर्नर नावाची क्रेडिट युनियन निघाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये राज्याने तिला सनद दिली. पण पैसे इकडून तिकडे पाठवायला फेडरल रिझर्व्हमध्ये, म्हणजे देशाच्या मध्यवर्ती बँकेत, मास्टर खातं लागतं, आणि कॅन्सस सिटीच्या रिझर्व्ह बँकेने ते नाकारलं. कोर्टकचेऱ्या झाल्या. २०१८ मध्ये सशर्त होकार आला तो गांजाच्या धंद्यांना थेट सेवा देणार नाही या अटीवर. म्हणजे लग्न ठरलं, फक्त नवरदेवाने यायचं नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये गांजाच्या धंद्यांना सेवा देणाऱ्या बँकांना अभय देणारं विधेयक अमेरिकेच्या खालच्या सभागृहात ३२१ विरुद्ध १०३ मतांनी पास झालं आणि सिनेटमध्ये जाऊन बसलं. त्यामुळे बँकेला फोन केलात की पहिला प्रश्न हा विचारा: गांजाच्या खात्यांचा तुमचा कार्यक्रम लेखी स्वरूपात आहे का, आणि तो बघणारा माणूस कोण? खिडकीवरचा माणूस ‘हो हो, या ना’ म्हणाला तर त्याला तुमचा धंदा कळलेला नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढची सगळी यादी आपोआप सुचते. केंद्राच्या लेखी गांजाचा पैसा हा गुन्ह्याचा पैसा, म्हणून तुमचं खातं उघडलं की बँकेला फिनसेनकडे, म्हणजे काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या अर्थखात्याच्या विभागाकडे, अहवाल पाठवावाच लागतो. त्याला सगळे ‘सार’ म्हणतात. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल, टोमॅटोचं नव्हे. १४ फेब्रुवारी २०१४ च्या फिनसेनच्या मार्गदर्शनात याच्या तीन पायऱ्या आहेत. ‘मॅरिवाना लिमिटेड’ म्हणजे धंदा गांजाचा आहे, बाकी काही खटकलं नाही. ‘प्रायॉरिटी’ म्हणजे काहीतरी खटकलंय. ‘टर्मिनेशन’ म्हणजे आम्ही हात झटकले. २०१८ च्या जानेवारीत ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी राज्याचे नियम पाळणाऱ्या गांजावाल्यांना न छेडण्याचं न्यायखात्याचं जुनं सौम्य धोरण मागे घेतलं, तरी फिनसेनचा हा कागद जागचा हलला नाही. पहिला अहवाल पाठवून बँक मोकळी होत नाही, धंदा चालू असेपर्यंत ठरावीक मुदतीने पुढचे जातच राहतात. म्हणजे बँकेत तुमची फाईल बघणारी बाई तुमच्यावर संशय घेत नाही, तिला तुमच्याबद्दल सरकारला पत्र लिहायचंय. तुमची फाईल हा त्या पत्राचा कच्चा मसुदा आहे. तिला जे लिहावं लागणार ते तुम्हीच आधी, स्वच्छ, कागदानिशी लिहून दिलं तर ती ‘लिमिटेड’वर थांबते.

तर फाईल. परवाना, आणि नुसता परवाना नाही, तो मिळवण्यासाठी भरलेला अख्खा अर्ज. बँक तो मागते आणि राज्याच्या कॅनबिस आयोगाकडून पडताळते. जर्सीत परवान्याचे सहा वर्ग आहेत, किरकोळ दुकान पाचव्या वर्गात येतं. तुमचा वर्ग आणि कंपनीच्या कागदातलं धंद्याचं वर्णन एकमेकांशी जुळतंय ना ते बघा. गावाच्या नगरपालिकेचा पाठिंब्याचा ठराव, जागेचा भाडेकरार, आणि घरमालकाला गांजाचं दुकान येणार हे माहीत असल्याचं त्याच्या सहीचं पत्र. हे शेवटचं लोक विसरतात. घरमालकाच्याही डोक्यावर गहाणाचं कर्ज असतं आणि त्याच्या बँकेला हे भाडं नको असू शकतं. (तुम्ही स्वतः असे घरमालक असाल तर तुम्हीही या फेऱ्यात आलात. झाडाला हात न लावणारे पण त्यावर पोट असलेले, अशी बँकेकडे वेगळी वर्गवारी असते.) मग भागीदार: पंचवीस टक्के आणि त्यावरचा प्रत्येक मालक, शिवाय कारभार पाहणारा एक माणूस, हे तर नियमातच आहे, या धंद्यात बऱ्याच बँका त्याहून खाली उतरतात. पाच टक्केवाल्या मेहुण्याचंही ओळखपत्र तयार ठेवा.

आणि कंपनीचं नाव. ‘अमुक होल्डिंग्ज’, ‘तमुक कन्सल्टिंग’ असं गुळमुळीत नाव घेऊन सल्लागार म्हणून खातं उघडायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. फिनसेनने धोक्याच्या खुणांची यादी दिलीये त्यात नेमकं हेच उदाहरण आहे: कन्सल्टिंग, होल्डिंग किंवा मॅनेजमेंट कंपनी म्हणवणारं गिऱ्हाईक, आणि त्याने भरलेल्या नोटांना येणारा गांजाचा वास. सरकारी कागदात वास! पण खरं आहे ते. पहिल्यांदा माझ्या टेबलावर विसाच्या नोटांची दोन हजारांची जांभळ्या पट्टीची गड्डी आली तेव्हा ड्रॉवर दोन दिवस दरवळत होता. गल्ला आणि माल एका खोलीत ठेवू नका, पैशाला वेगळी तिजोरी, आणि भरणा सीलबंद, क्रमांक असलेल्या पिशवीत.

भांडवल कुठून आलं, याला सगळ्यात जास्त वेळ द्या. पुण्यातला फ्लॅट विकून वडिलांनी पैसे पाठवले, हे आपल्याकडे अगदी साधं वाटतं. बँकेला मात्र विक्रीखत लागतं, भारतातल्या बँकेचा पाठवणीचा कागद लागतो, भेट असेल तर भेटपत्र आणि कर्ज असेल तर करारनामा लागतो, मराठी कागदाचं प्रमाणित भाषांतर लागतं. आणि भारतात गांजा १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली येतो, तेव्हा तिथे राहणाऱ्या नातेवाइकाला इथल्या धंद्यात भागीदार करण्याआधी तिथल्या वकिलाला विचारल्याशिवाय एक पैसा हलवू नका. मित्रांकडून झेलवर (फोनवरून पैसे पाठवायच्या सोयीवर) आलेले पाच-पाच हजार म्हणजे तर डोकेदुखीच. माझ्या एका अशिलाने असे एकोणीस तुकडे गोळा केले होते. एकोणीस पत्रं लिहून घ्यावी लागली, त्यातला एक मित्र तोवर टेक्सासला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. घरच्या जॉइंट खात्यात दुकानाची एक नोटही भरू नका. धंद्याचा आणि घरचा पैसा मिसळणं त्याच खुणांच्या यादीत आहे, आणि घरचं खातं बंद झालं की मुलाच्या शाळेची फीसुद्धा अडकते.

रोखीबद्दल एकच नियम पाठ करा. एका दिवसात दहा हजार डॉलरच्या वर रोख भरली की बँक सरकारला कळवते. ते साधं फॉर्म भरणं आहे, त्याने कोणी तुमच्या दारात येत नाही. पण ते टाळायला म्हणून नऊ हजार आठशे आज आणि उरलेले उद्या भरले तर तो स्वतंत्र गुन्हा आहे, पैसा कितीही सरळ असला तरी. दुकानातल्या हुशार पोराला हे आधीच सांगा, कारण ही युक्ती त्यालाच सुचते. पैसे न्यायला गाडी लागेल ती बँकेच्या यादीतलीच घ्या आणि तिचा रस्ता विचारा. मे २०२१ मध्ये एम्पायरियल लॉजिस्टिक्सची गाडी मिसुरीतल्या परवानाधारक दुकानांची रोकड घेऊन कोलोरॅडोतल्या क्रेडिट युनियनकडे चालली होती. वाटेत कॅन्ससमध्ये पोलिसांनी अडवून सुमारे एक लाख पासष्ट हजार डॉलर जप्त केले. पैसा दोन्ही टोकांना कायदेशीर, मधल्या राज्यात नाही.

रोजचा ताळा हा या सगळ्याचा कणा. रोजच्या कागदावर पाच आकडे यायला हवेत, पहिले तीन रात्री दुकान बंद झाल्यावर, बाकीचे हातात येतील तसे: राज्याच्या मेट्रक प्रणालीत नोंदलेली विक्री, बिलिंग मशीनची विक्री, मोजलेली रोख, भरणा पावती आणि दोन दिवसांनी बँकेच्या उताऱ्यात दिसलेली रक्कम. फरक आला तर कारण त्याच कागदावर, पेनाने, लगेच. एका दुकानात दर शनिवारी सहाशे, आठशे डॉलर कमी यायचे. चोरी म्हणून कॅमेरे तपासले. निघालं असं की दारातलं एटीएम रिकामं झालं की मॅनेजर गल्ल्यातल्या नोटा त्यात भरत होता. गिऱ्हाईक त्याच नोटा काढून त्याच गल्ल्यात देत होतं आणि एकच पैसा दोनदा फिरत होता. एटीएमसाठी वेगळी रोख, वेगळी वही.

कार्डाचं मशीन विकायला येणाऱ्यांना बँकेच्या लेखी होकाराशिवाय आत घेऊ नका. ४३ डॉलरच्या मालाला ५० डॉलर ‘एटीएममधून काढले’ असं दाखवून सात परत देणारी मशीनं बाजारात होती. व्हिसाने डिसेंबर २०२१ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला, मास्टरकार्डने जुलै २०२३ मध्ये डेबिट कार्डंही थांबवायला सांगितलं. मशीनवाला पळून जातो, खातं तुमचं जातं.

कराची तरतूद दाखवणारं वेगळं बचत खातं पहिल्या दिवसापासून काढा, बँक ते बघते. कारण केंद्रीय करकायद्याचं कलम २८०ई. केंद्राच्या अंमली पदार्थांच्या कायद्यातल्या परिशिष्ट एक-दोनमधल्या पदार्थांच्या धंद्याला मालाची किंमत सोडून बाकी खर्च केंद्रीय करात वजा करता येत नाही. समजा विक्री वीस लाख डॉलर, माल दहा लाखांचा, भाडं-पगार-पहारेकरी मिळून आठ लाख. हातात उरले दोन लाख, पण कर दहा लाखांवर. एकवीस टक्क्यांनी दोन लाख दहा हजार. कमाईपेक्षा कर मोठा. केंद्राने गांजाचं परिशिष्ट बदललं की हे गणितही बदलतं, म्हणून अर्ज करायच्या आठवड्यात सीपीएकडून (इथल्या सीएकडून) त्या दिवशीची स्थिती लेखी घ्या आणि अंदाजपत्रक त्यावर बेता. खात्याचं मासिक शुल्कही त्यात धरा, ते शेकड्यांपासून काही हजार डॉलरपर्यंत जातं.

अंदाज फुगवू नका, हेही इथेच सांगतो. गुंतवणूकदाराला दाखवलेला गुलाबी आकडा बँकेला दिलात तर प्रत्यक्ष भरणा कमी दिसतो. घाबरून कमी दिलात तर जास्त दिसतो, आणि अपेक्षेपेक्षा जास्त पैसा ही धोक्याची खूण आहे. २० एप्रिल हा गांजावाल्यांचा सणच, त्या दिवशी सगळीकडे झुंबड असते. त्याच्या आधल्या आठवड्यात बँकेला दोन ओळींची मेल टाकून ठेवायची: अमुक दिवस विक्री तिप्पट होईल, गाडी दोनदा बोलावली आहे.

शेवटी एक वेगळं पाकीट, जे फाईलीत जात नाही. बँक कधीही ‘टर्मिनेशन’ म्हणू शकते. तुमची चूक नसतानाही. त्यांचा संचालक बदलला, कार्यक्रम गुंडाळला, झालं. शिल्लकेचा चेक हातात देतात आणि तो भरायला दुसरं खातं नसतं. शुक्रवारी पगार असतात. म्हणून दुसऱ्या संस्थेचा भरलेला अर्ज, गेल्या तीन महिन्यांचे ताळ्याचे कागद, एका पगाराएवढ्या रकमेची सोय आणि ज्यांचे हप्ते खात्यातून आपोआप जातात त्यांचे फोन नंबर त्या पाकिटात ठेवा. वर तारीख घाला, आणि दर तिमाहीला बँकेला नवे कागद द्याल तेव्हा यातलेही बदला.