गाउटच्या गोळ्या: रोजची कोणती, दुखल्यावरची कोणती?

रात्री दोन वाजता पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागतो, चादर लागली तरी जीव जातो. सकाळी माणूस लंगडत मेडिकलमध्ये जातो आणि मिळेल ती गोळी घेतो. घोळ इथूनच सुरू होतो.

आधी एक गोष्ट पक्की करा. गाउट म्हणजे रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढून त्याचे बारीक खडे सांध्यात साचणं. त्याची औषधं दोन जातींची असतात. कोल्चिसिन, नॅप्रोक्सेनसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा स्टिरॉइड ही मुख्यतः झटका (सांध्याचं असं अचानक उसळलेलं दुखणं) आल्यावरची. अ‍ॅलोप्युरिनॉल आणि फेबुक्सोस्टॅट रोजची. रोजची गोळी दुखणं थांबवत नाही. ती युरिक अ‍ॅसिड कमी करते आणि सांध्यात साचलेले खडे महिनोन्‌महिने हळूहळू विरघळवते. माझे सासरे वर्षभर फेबुक्सोस्टॅट फक्त अंगठा दुखला की घेत होते. वर "ही गोळी काही कामाची नाही" म्हणायचे!

म्हणून घरी आल्यावर मार्कर घ्या आणि स्ट्रिपच्या पाठीवर लिहा: ‘रोज’ किंवा ‘फक्त झटक्यात’. मेडिकलवाला चार गोळ्या कापून देतो तेव्हा औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहते. ती असलेला तुकडाच मागून घ्या.

गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना चालू असलेली सगळी औषधं दाखवा. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेलं आहे का, पोटात अल्सर होता का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही सांगा. यातलं काही असेल तर वेदनाशामक गोळ्या महागात पडू शकतात. फेबुक्सोस्टॅट लिहून दिली असेल तर हृदयविकाराचा इतिहास लपवू नका. अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू असेल तर अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे तिचा विषारी परिणाम होऊ शकतो. बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या युरिक अ‍ॅसिड वाढवतात, पण त्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत.

कोल्चिसिनला मात्र घाबरूनच राहा. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी फुलणारी कळलावी माहीत असेल. तिच्या कंदातलं विष म्हणजे हेच कोल्चिसिन. पूर्वी जुलाब लागेपर्यंत ही गोळी घ्यायला सांगत. आता कमी डोसच देतात, कारण जुलाब ही विषबाधेची पहिली खूण असू शकते. एका गोळीने उतार पडला नाही म्हणून दुसरी घेऊ नका. चिठ्ठीवर लिहिलंय तेवढीच घ्या. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करा. खोकल्यासाठी कोणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं आधी सांगा. ही जोडी जीवघेणी ठरू शकते.

अ‍ॅलोप्युरिनॉल साधारण 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. जेवणानंतर घ्या आणि दिवसभर पाणी भरपूर प्या (डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तेवढंच). पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ आलं तर खाज कमी आहे की जास्त हे बघत बसू नका. गोळी त्याच दिवशी बंद करा आणि दवाखाना गाठा. तोंडात फोड आले किंवा ताप चढला तर थेट हॉस्पिटल.

रोजची गोळी सुरू केल्यावर पहिले काही महिने झटके उलट वाढू शकतात. खडे विरघळताना असं होतं, आणि म्हणूनच डॉक्टर सोबत तीन ते सहा महिने थोडं कोल्चिसिन देतात. झटका आला तरी रोजची गोळी चालूच ठेवायची.

काही आठवड्यांनी रक्त तपासा. युरिक अ‍ॅसिड 6 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली हवं. लॅबच्या कागदावर 7 सुद्धा ‘नॉर्मल’ छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. ऐन झटक्यात केलेली तपासणीही फसवी, तेव्हा आकडा कमी येऊ शकतो.

आणि सांधा सुजून थंडीताप आला तर घरातल्या गोळीवर भागवू नका. सांध्यात जंतुसंसर्गही असू शकतो, आणि त्याचं औषध वेगळं असतं.