रुकी रनिंग बॅक घेतलाय? पहिल्या चार आठवड्यांत या चुका टाळा

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, पहिला आठवडा संपला की आमच्या न्यू जर्सीच्या फँटसी लीगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न येतो: "दुसऱ्या फेरीत घेतलेल्या पोराला सातच कॅरी मिळाल्या, काढून टाकू का?" पोरगा म्हणजे रुकी, पहिल्याच हंगामातला खेळाडू; रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन धावणारा, आणि कॅरी म्हणजे त्याची एक धाव. बारा जणांची लीग आहे. निम्मे पुण्या-नाशिककडचे, क्रिकेटच्या फँटसीवर वाढलेले. तिथे दर सामन्याला नवा संघ लावता येतो, त्यामुळे एक दिवस वाईट गेला की खेळाडू बाहेर, ही सवय अंगात मुरलेली असते. इथे मात्र तुम्ही सोडलेला खेळाडू दुसरा कुणीतरी उचलतो आणि डिसेंबरमध्ये तोच तुमच्यासमोर उभा राहतो.

मी हे जमीर गिब्जच्या बाबतीत भोगलंय. २०२३ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंच्या फेरीनिहाय निवडीत, डेट्रॉइटने त्याला पहिल्या फेरीत, बाराव्या क्रमांकावर घेतलं होतं. कॅन्सस सिटीतल्या पहिल्या सामन्यात त्याला ७ कॅरी आणि ४२ यार्ड मिळाले. त्याच संघाच्या डेव्हिड मॉन्टगोमेरीला २१ कॅरी, ७४ यार्ड आणि वर टचडाउन, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपार. दुसऱ्या सामन्यातही गिब्जला पुन्हा सातच कॅरी. माझा धीर सुटला आणि तिसऱ्या आठवड्यानंतर मी त्याला ट्रेडमध्ये देऊन टाकलं. ऑक्टोबर संपता संपता मॉन्टगोमेरी जखमी असताना गिब्जने रेडर्सविरुद्ध २६ कॅरींत १५२ यार्ड काढले. हंगामाअखेर त्याच्या नावावर धावून ९४५ यार्ड आणि १० टचडाउन होते. दुसऱ्या सामन्यात त्याने सात झेल घेतले होते, तेही मी नीट पाहिलं नव्हतं. पहिल्या फेरीतला रनिंग बॅक संघ बसवून ठेवायला घेत नाही, ही साधी गोष्ट त्या दोन आठवड्यांत माझ्या ध्यानातच राहिली नाही.

गुण पाहता, काम पाहत नाही

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. २०२५ मध्ये अ‍ॅश्टन जेंटीने रेडर्सकडून पहिल्या सामन्यात १९ कॅरींत ३८ यार्ड काढले. कॅरीमागे दोन यार्ड. लोकांनी कपाळाला हात लावला. पण पहिल्याच सामन्यात एकोणीस वेळा चेंडू हातात दिला, यातून प्रशिक्षकांचा भरवसा दिसत होता. यार्ड कमी पडले, त्यात वाट मोकळी करणाऱ्या पुढच्या ब्लॉकर्सचाही वाटा असतो. चौथ्या आठवड्यात शिकागोविरुद्ध त्याच जेंटीने धावून १३८ यार्ड काढले आणि एकूण तीन टचडाउन केले.

म्हणून सामना संपल्यावर आधी तीन गोष्टी बघा: संघाच्या एकूण स्नॅप्सपैकी (स्नॅप म्हणजे चेंडू मागे देऊन सुरू होणारी एकेक चाल) तो किती स्नॅप्सना मैदानावर होता, कॅरी आणि टार्गेट (त्याच्याकडे फेकलेले पास) मिळून चेंडू किती वेळा त्याच्याकडे आला, आणि हे आकडे मागच्या आठवड्यापेक्षा वाढले की घटले. ३० टक्क्यांवरून ४५ आणि ४५ वरून ५५ असा चढत जाणारा रुकी सहा गुणांवर अडकलेला असला, तरी मी त्याला हात लावत नाही. कॅरीमागच्या सरासरीवर पहिल्या महिन्यात फार विसंबू नका; दहा-बारा कॅरींत एक लांब धाव लागली की ती सरासरी कुठच्या कुठे जाते.

निकाल लागून गेल्यावरची धाव

याची उलटी चूकही तितकीच होते. २०२२ मध्ये ड्राफ्टच्या सातव्या फेरीतल्या आयझाया पचेकोने पहिल्याच सामन्यात १२ कॅरी, ६२ यार्ड आणि एक टचडाउन केला. वेव्हरवर, म्हणजे कुणाकडेच नसलेल्या खेळाडूंच्या यादीवर, झुंबड उडाली. पण तो सामना त्याच्या कॅन्सस सिटी चीफ्सनी ४४-२१ असा जिंकला होता आणि पचेकोच्या बहुतेक कॅरी निकाल ठरल्यावरच्या होत्या. पुढच्या दोन सामन्यांत त्याच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन कॅरी आल्या. हंगामाच्या उत्तरार्धात तो खरोखरच मुख्य रनिंग बॅक झाला आणि ८३० यार्डांपर्यंत पोचला, पण तोवर घाईने उचलणाऱ्यांनी त्याला कधीच सोडून दिलं होतं. धाव कोणत्या क्वार्टरमधली आणि तेव्हा स्कोअर किती होता, हे बघायला दोन मिनिटं पुरतात.

थर्ड डाउनला तो कुठे असतो?

कॉलेजातून आलेला पोरगा पळायला तयारच असतो. अडतं ते पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवण्यात. थर्ड डाउन आहे, म्हणजे दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि अजून आठ यार्ड हवेत. स्नॅपच्या आधी समोरच्या संघाचा लाइनबॅकर (बचावपटू) दोन पावलं पुढे सरकतो, पुन्हा मागे जातो. येणार की नाही, हे रनिंग बॅकने त्या क्षणी ओळखायचं असतं. आलाच तर पुढे होऊन त्याला छातीवर घ्यायचं, आणि आला नाही तर पास झेलायला सुटायचं. रुकी अर्धा सेकंद चुकला की क्वार्टरबॅक आडवा. असं दोनदा झालं की प्रशिक्षक जुना-जाणता गडी आत पाठवतात आणि मग हाफच्या शेवटच्या दोन मिनिटांतही तोच खेळतो. एका झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये हे स्नॅप्स फार मोलाचे असतात.

म्हणून शक्य असेल तर सामना बघताना थर्ड डाउनला डोळे बॅकफील्डवर, म्हणजे क्वार्टरबॅकच्या आसपासच्या मागच्या जागेवर, ठेवा. भारतातून बघणाऱ्यांसाठी रविवारचा पहिला सामना रात्री साडेदहाला सुरू होतो, म्हणजे निदान पूर्वार्ध तरी जागून होतो. रुकी हळूहळू थर्ड डाउनला दिसू लागला, तर स्कोअरकार्डावर काही उमटण्याआधीच तुम्हाला ते कळलेलं असतं.

गोल लाइन

चीफ्सच्या क्लाइड एडवर्ड्स-हेलेअरने २०२० मध्ये पदार्पणातच ह्यूस्टनविरुद्ध २५ कॅरींत १३८ यार्ड आणि एक टचडाउन केला. सगळे खूश झाले. पण त्याच सामन्यात गोल लाइनजवळ (टचडाउनसाठी ओलांडायची रेषा) त्याला वारंवार संधी मिळाली आणि तो अडला. ऑक्टोबरमध्ये संघाने अनुभवी रनिंग बॅक लेव्हिऑन बेलला आणलं. त्या हंगामात १३ सामन्यांत एडवर्ड्स-हेलेअरचे धावून चारच टचडाउन झाले. टचडाउनचे सहा गुण, म्हणजे साठ यार्डांची मेहनत. म्हणून पाच यार्डांच्या आत चेंडू कोणाला मिळतो आणि तो तिथे तरतो का, हे वेगळं लिहून ठेवा.

दुखापत आणि दुर्लक्ष यांत गल्लत

मायामीचा डीव्हॉन एचेन २०२३ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे पहिला सामना खेळलाच नाही आणि दुसऱ्यात त्याला एकच कॅरी मिळाली. अनेकांनी त्याला वेव्हरवर सोडलं. तिसऱ्या आठवड्यात डेन्व्हरविरुद्ध त्याने धावून २०३ यार्ड काढले आणि झेल धरून चार टचडाउन केले; एका झेलाला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये एकूण ५१.३ गुण. मायामीने सामना ७०-२० जिंकला. एवढं कुणालाच दिसलं नसतं, हे मान्य. पण तो बाहेर होता खांद्यामुळे, प्रशिक्षकांच्या मनातून उतरल्यामुळे नव्हे, आणि हे दुखापतींच्या अहवालात कुणालाही वाचता येत होतं. अशा खेळाडूसाठी बेंचवरची एक जागा मी महिनाभर राखतो. त्यासाठी दुसरा किकर किंवा राखीव डिफेन्स सोडावा लागला, तरी सोडतो.

तुमच्याकडे असा रुकी नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तो ज्याच्याकडे आहे त्याला निरोप टाका. पाचव्या आठवड्यापासून बाय, म्हणजे संघांचे सुट्टीचे आठवडे, सुरू होतात, मालकाला रविवारी लावायला माणूस हवा असतो, आणि दोन पराभवांनंतर तो एखाद्या भरवशाच्या वाइड रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्या खेळाडूच्या) बदल्यात पहिल्या फेरीतला रुकी द्यायला तयार होतो. माझा गिब्ज असाच गेला होता.