मेंदूतले जोड आणि जनुकं: उत्तरात या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात मी बारावीला जीवशास्त्र शिकवतो. वर्गातली निम्मी पोरं विणकरांच्या घरची, म्हणून जनुकांचं नियमन, म्हणजे कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद, हे आलं की मी मागावर नक्षी उठवणारा जॅकार्डच काढतो. ताणा तोच असतो. कोणते धागे कधी उचलायचे ते भोकं पाडलेली कार्डं ठरवतात, आणि चादरीवर मोर येतो की वेल, ते त्यावर.

प्रश्न असतो: मेंदूतले जोड, म्हणजे चेतापेशी एकमेकींना संदेश देतात त्या जागा (सिनॅप्स), घडवण्यात जनुकांच्या नियमनाचा वाटा काय? तरी पेपरात पहिली चूक ठरलेली: ‘मेंदूच्या पेशींत वेगळी जनुकं असतात.’ नसतात. यकृतातला आणि मेंदूतला डीएनए जवळजवळ तोच, चालू कोणती आणि बंद कोणती एवढाच फरक.

‘प्रत्येक जोडाचा नकाशा जनुकांत असतो’ हेही खोडा. प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे २०,०००, चेतापेशी सुमारे ८,६०० कोटी. कशी पुरणार? जनुकं नकाशा नाही, ओळखीचे नियम देतात. फळमाशीत तर डीस्कॅम या एकाच जनुकाचे तुकडे वेगवेगळे जोडून ३८,०१६ प्रकारची प्रथिनं होऊ शकतात. त्यांच्यावरून पेशीची फांदी आपलीच दुसरी फांदी ओळखते आणि बाजूला सरकते.

लॅक ऑपेरॉन इथे चिकटवू नका. ती जिवाणूंतली, साखर पचवणारी जनुकं चालू-बंद करायची व्यवस्था. (पाठ आहे म्हणून लिहायचं, ही सवय जाता जात नाही.)

सगळ्यात जास्त मार्क जातात ते ‘नियमन जन्माआधीच संपतं’ या समजुतीमुळे. एका पोरीनं विचारलं होतं, “सर, मग कार्डाला भोकं कोण पाडतं?” माझा जॅकार्ड तिथेच अडला. मागावर कार्ड कापडाचं ऐकत नाही, पेशीत ऐकतं. सिनॅप्सवर संदेश आला की कॅल्शियम आत शिरतं, जनुकं चालू करणारं क्रेब नावाचं प्रथिन जागं होतं, जोडांना बळ देणारी बीडीएनएफसारखी जनुकं चालू होतात आणि वापरातला जोड पक्का होतो. ह्युबेल आणि विझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा शिवून ठेवला, तेव्हा मेंदूतली त्याची जागा उघड्या डोळ्यानं बळकावली. दोघांना १९८१ चं नोबेल मिळालं.

आणि ‘जास्त जोड म्हणजे जास्त हुशारी’ असं तर लिहूच नका. मेफ२ हे नियामक प्रथिन उत्तेजक जोडांची संख्या आटोक्यात ठेवतं. फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढ मागे पाडणाऱ्या विकारात एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही डीएनएची अक्षरं २०० हून जास्त वेळा येतात. प्रथिनाचा मजकूर शाबूत, पण जनुकाला कुलूप लागतं. मग चेतापेशींवर बारीक, कच्चे काटे (जोड जिथे बसतात ते फांदीवरचे उंचवटे) दाटतात. अशा ठिकाणी ‘जनुक बिघडलं’ एवढ्यावर थांबू नका, ‘जनुक गप्प झालं’ असं लिहा.