साथीत शुगरचे पेशंट सांभाळताना

मी केज तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स आहे. 2020 च्या मार्चअखेर कोरोनामुळं एसटी थांबली आणि अंबाजोगाईला तपासणीला जाणारी आमची माणसं घरातच अडकली. पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, ते सांगते.

आधी वही करा. इन्सुलिनवाले, गरोदर बाया, पायाला जखम असलेले, एकटे राहणारे. यांना आठवड्याला फोन. बाकीच्यांना महिन्याला. गोळ्या दोन महिन्यांच्या एकदम मागवा.

इन्सुलिनला फार जपावं लागतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो, त्यात लाइट जाते. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात कधीच ठेवू नका; गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आत डबीत बाटली, वर ओलं फडकं. सावलीत, वारं लागेल तिथं ठेवा. वाळू सुकू देऊ नका.

फोनवर नुसतं "बरं हाय का?" विचारू नका, सगळे "बरंय"च म्हणतात. शुगरचा आकडा विचारा, सुनेला तळपाय बघायला लावा. एका मामांनी ताप आला, जेवण जाईना म्हणून इन्सुलिनच बंद केलं. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली. तेव्हापासून मी आधीच बजावते: तापात आपल्या मनानं इन्सुलिन थांबवायचं नाही, शुगर वारंवार बघायची, डॉक्टरांना फोन करायचा. उलट्या किंवा धाप असेल तर थेट दवाखाना. शुगर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा.