प्रोग्रॅमिंग शिकताय? आधी एरर वाचायला शिका

फोंड्याला माझ्याकडे संध्याकाळी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला मुलं येतात. पहिल्या दिवशीचे प्रश्न ठरलेले. सर, भाषा कुठली घेऊ? लॅपटॉप कुठला? गणित कच्चं आहे, जमेल ना?

लॅपटॉप घरात असेल तो. चार जीबी रॅमचा जुना असला तरी सुरुवातीला भागतं. गणित टक्केवारीपर्यंत आलं की पुरे. भाषेवरून वाद घालत बसू नका, पायथन घ्या. १९९१ पासून आहे, फुकट मिळते आणि तिचे राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःसाठी ठेवलेले इंग्रजी शब्द, जेमतेम ३५. इंग्रजीची धास्ती असलेल्यांना मी हा आकडा मुद्दाम सांगतो. विंडोजवर इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'ची चौकट असते, तिच्यावर टिक करा. ती राहिली की पुढे कमांड विंडो म्हणते, पायथन सापडत नाही. सोबत आयडल नावाचा साधा एडिटर येतो, प्रोग्रॅम त्यातच लिहा. भारी एडिटर नंतर बघू.

आता घरातलंच एखादं काम घ्या. एका मुलाच्या वडिलांचं बाजारात नारळाचं दुकान आहे. त्याच्या प्रोग्रॅमने सकाळचे नारळ विचारले, १२. संध्याकाळचे, ८. बेरीज आली १२८! इन्पुटमधून, म्हणजे वापरणाऱ्याने टाइप करून, आलेलं काहीही पायथनच्या लेखी मजकूर असतो, आणि दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह घातलं की तो ते एकमेकांना चिकटवतो. इंट ही मजकुराचा आकडा करणारी आज्ञा; दोन्ही इन्पुट तिच्या कंसात घाला, २० मिळतील. व्हेरिएबलचं, म्हणजे आकडा ज्यात ठेवतो त्या डब्याचं, नाव देवनागरीत 'नारळ' असं ठेवलंत तरी पायथन ३ ला चालतं. इंटला देवनागरी आकडेही कळतात. पण प्रोग्रॅमच्या ओळीतच देवनागरी १२ लिहिलात की सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याचा नियम मोडल्याची तक्रार.

एररवरून आठवलं. लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकीच बंद करतात. अरे बाबा, तिथेच तर उत्तर लिहिलंय! वाचायला खालून सुरुवात करा. चूक कुठल्या प्रकारची ते शेवटच्या ओळीत असतं, तिच्या वर ओळीचा क्रमांक. 'नेम एरर' आला तर बहुधा स्पेलिंग चुकलंय किंवा नाव वापरण्याआधी त्यात काही ठेवलेलंच नाही. 'इंडेंटेशन एरर' म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा वर-खाली झाली. 'इफ'च्या, म्हणजे अट घालणाऱ्या, ओळीनंतर कोलन द्या आणि त्याच्या पोटातल्या ओळी चार स्पेस आत घ्या. सांगितलेल्या ओळीत काहीच चुकलेलं दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा, कंस उघडा राहिलेला असतो. आणि सगळ्यात छळणारी चूक ती, जिला लाल अक्षरं येतच नाहीत. वरचे १२८ तसलेच. म्हणून ज्याचं उत्तर तोंडी येतं असे आकडे घालून आधी तपासा.

एआयला विचारू का, हा हल्लीचा प्रश्न. विचारा की, पण 'प्रोग्रॅम लिहून दे' म्हणून नको. एरर दाखवा, अर्थ विचारा आणि दुरुस्ती आपल्या हाताने टाइप करा. कॉपी-पेस्ट केलेलं माझ्या वर्गात मी तपासत नाही.

पावसाळ्यात वीज कधी जाईल नेम नाही, तेव्हा दर दोन-चार ओळींनी कंट्रोल-एस दाबून सेव्ह करा. नारळाचा हिशेब बरोबर आला की त्यात दर घाला, मग रोजची विक्री फाइलमध्ये साठवा. लिस्ट (आकड्यांची यादी) आणि लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) शिकायची वेळ तिथे येते.